बाळ रडले नाही, त्यानंतरची अडीच वर्षे

माझ्या मुलीचा जन्म १२ ऑगस्ट २०२२ रोजी पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी फलटणच्या एका खाजगी रुग्णालयात झाला. जन्माआधीचा काही काळ तिच्या मेंदूला प्राणवायू मिळाला नव्हता. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर निदान लिहिले होते: हायपॉक्सिक इस्केमिक एन्सेफॅलोपॅथी, दुसरी (म्हणजे मध्यम) अवस्था. डॉक्टर त्याला थोडक्यात एचआयई म्हणतात आणि नातेवाईक ‘बाळ गुदमरलं’ म्हणतात. त्या दिवसांत मी मोबाइलवर मराठीत शोध घेतला, तेव्हा एक तर चमत्काराच्या कथा सापडल्या किंवा काळजाचा थरकाप उडवणारे मजकूर. मधले काहीच नव्हते, म्हणून आमच्या बाबतीत जे जसे घडले ते त्याच क्रमाने लिहीत आहे. मी विनाअनुदानित शाळेत शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. वैद्यकीय भाग उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी समजावलेला आणि नंतर मी वाचून पडताळलेला आहे.

गरोदरपणाचा अडतिसावा आठवडा चालू होता. शेवटच्या तपासण्यांत रक्तदाब थोडा वाढलेला दिसल्याने गोळ्या चालू होत्या, बाकी सर्व ठीक होते. राखी पौर्णिमेच्या रात्री पोटात दुखू लागले, ते कळांसारखे येऊन-जाऊन नव्हते. पोट सलग कडक झाले होते आणि रक्तस्रावही सुरू झाला होता. रुग्णालयात पोहोचेपर्यंत दीड वाजून गेला. बाळाचे ठोके मिनिटाला सत्तरच्या आसपास होते. ते एरवी ११० ते १६० असायला हवेत. वार गर्भाशयाच्या भिंतीपासून वेळेआधीच सुटू लागली होती. बाळाला प्राणवायू वारेतूनच मिळतो, त्यामुळे ती सुटली की बाळाचा पुरवठा तुटतो आणि मग घड्याळाशी शर्यत लागते. पूर्ण भूल देऊन तातडीने सिझेरियन झाले. त्यामुळे बाळ रडले नाही, हे मला प्रत्यक्ष कळले नाही. शुद्धीवर आल्यावर पाच वाजता आईने सांगितले, तेव्हा बाळ फलटणमध्ये नव्हतेच.

दरम्यान काय घडले ते नंतर कागदांवरून आणि यजमानांच्या सांगण्यावरून जुळवले. जन्मानंतर बाळाचा रंग, हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण आणि प्रतिसाद यांवरून दहापैकी गुण देतात, त्याला अपगार म्हणतात. माझ्या मुलीला पहिल्या मिनिटाला एक, पाचव्या मिनिटाला चार आणि दहाव्या मिनिटाला पाच गुण मिळाले. श्वासनलिकेत नळी घालून फुग्याने श्वास द्यावा लागला. बालरोगतज्ज्ञांनी यजमानांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले, “बाळाला पुण्याला न्यावं लागेल, आणि सहा तासांच्या आत तिथं पोहोचायला हवं. तिकडची रुग्णवाहिका मागवून वाट पाहण्याइतका वेळ आपल्याकडे नाही.” ते स्वतः रुग्णवाहिकेत बसले आणि लोणंद, जेजुरी, सासवड, दिवे घाट या वाटेने हडपसरला उतरेपर्यंत हाताने फुगा दाबत राहिले. सासूबाईंनी बाळाला गुंडाळायला गोधडी दिली होती. डॉक्टरांनी ती काढून ठेवायला सांगितली, कारण अशा बाळाच्या अंगात ताप भरला तर मेंदूची हानी वाढते. मात्र वाटेत बेतालपणे गार होऊ देणेही धोक्याचे असल्याने ते दर थोड्या वेळाने तापमान पाहत होते.

सहा तासांच्या मर्यादेचे कारण मला नंतर समजले. प्राणवायू तुटतो तेव्हा मेंदूतील काही पेशी तत्काळ मरतात. पुरवठा परत सुरू झाला की काही तास वरवर शांततेचे जातात, आणि त्यानंतर पेशींची ऊर्जा पुन्हा कोसळून हानीची दुसरी लाट येते. या दोन्हींच्या मधल्या काळात बाळाचे शरीर ३३ ते ३४ अंश सेल्सियसपर्यंत थंड करून ७२ तास तसेच ठेवले, तर दुसरी लाट काही प्रमाणात रोखता येते, असे त्या उपचारामागील तत्त्व आहे. पहिली लाट कुणालाच परतवता येत नाही.

पुण्यातील रुग्णालयात नवजात अतिदक्षता विभागाच्या दारात यजमानांपुढे संमतिपत्र आले. तिथल्या डॉक्टरांनी जे सांगितले त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन, कारण त्यांनी कागद पुढे करून फक्त सही मागितली नाही. ते म्हणाले की श्रीमंत देशांत हा उपचार प्रस्थापित आहे, परंतु २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष वेगळे आले आहेत. भारत, बांगलादेश आणि श्रीलंका येथील रुग्णालयांतील ४०८ बाळांवर झालेल्या त्या हेलिक्स नावाच्या चाचणीत थंडावा दिल्याने मृत्यू किंवा अपंगत्व कमी झाले नाही. उलट थंडावा दिलेल्या बाळांत ४२ टक्के आणि न दिलेल्यांत ३१ टक्के मृत्यू झाले. त्यावरून आपल्याकडच्या डॉक्टरांत मतभेद आहेत. या बाळात संसर्गाची लक्षणे नाहीत, वार सुटल्याचे कारण स्पष्ट आहे, आघात नेमका केव्हा झाला हे ठाऊक आहे आणि आमच्याकडे देखरेखीची सर्व साधने आहेत, म्हणून मी थंडावा देण्याच्या बाजूने आहे, असे त्यांनी स्वतःचे मत सांगितले. यजमान पंपदुरुस्तीचे दुकान चालवतात, त्यांनी एकच विचारले, “तुमचं बाळ असतं तर?” डॉक्टरांनी होकार दिला आणि साडेसातच्या सुमारास उपचार सुरू झाला. त्याचा नेमका किती उपयोग झाला, हे सांगण्याचा मार्ग नाही. एकाच बाळावर दोन्ही प्रकार करून पाहता येत नाहीत.

त्या ७२ तासांत घरच्यांची जी घालमेल झाली ती आपल्याकडच्या कुणालाही समजेल. बाळ-बाळंतिणीला ऊब द्यायची, शेगडी लावायची, कान बांधायचे, वारा लागू द्यायचा नाही, हेच आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. आणि इकडे बाळ उघड्या अंगाने गार गादीवर ठेवलेले! सासूबाईंनी फोनवर यजमानांना विचारले, “अरे, ते दवाखानेवाले पोरीला थंडीनं मारतील ना?” त्यांची समजूत पटेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. बाळाच्या हृदयाचे ठोके नेहमीपेक्षा कमी दिसतात, हात लावला तर अंग गार लागते, थरथर होऊ नये म्हणून गुंगीचे औषध चालू असते. हे सारे अपेक्षित असते, हे आधी ठाऊक असेल तर काचेपलीकडे उभे राहणे थोडे सोपे जाते. डॉक्टर रोज सकाळी मेंदूआधी लघवीबद्दल बोलत, याचे यजमानांना नवल वाटे. प्राणवायू कमी पडतो तेव्हा शरीर मेंदू आणि हृदयाकडे रक्त वळवते, त्यामुळे मूत्रपिंड आणि यकृतही दुखावलेले असतात आणि लघवी सुरू होणे ही चांगली खूण असते.

पहिल्याच संध्याकाळी तिला आकडी आली. मोठ्या माणसासारखे सर्वांग झटकत नव्हते. ओठांची चुळबुळ, डोळे एका जागी खिळणे आणि पायांची सायकल चालवल्यासारखी हालचाल, एवढेच दिसत होते. फेनोबार्बिटोन देऊन ती आटोक्यात आली. काही वेळा बाहेरून काहीच दिसत नाही आणि आकडी मेंदूत चालू असते, म्हणून डोक्याला तारा लावून सतत आलेख घेत होते.

मी या काळात फलटणला टाके सांभाळत पडून होते. बाळ १०० किलोमीटरवर आणि दूध मात्र तिसऱ्या दिवशी उतरलेले. रुग्णालयातील एका सिस्टरने मला हाताने दूध काढायला शिकवले आणि दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, काढत राहायला सांगितले, कारण बाळ ओढत नसेल तर दूध आटते. थंडावा चालू असताना बाळाला पोटातून जवळजवळ काही देत नव्हते, म्हणून ते दूध पुण्याला धाडून उपयोग नव्हता. ते टाकून देताना जे वाटले ते लिहिता येत नाही. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी तरीही काढत राहावे, कारण पुढे माझ्या मुलीला नळीने का होईना, तेच दूध मिळाले.

१५ ऑगस्टच्या सकाळी तापमान ताशी अर्ध्या अंशाने वाढवायला सुरुवात झाली. ते घाईने वाढवले तर आकडी परत येऊ शकते. दुपारी तिचे अंग नेहमीसारखे उबदार झाले, आणि १६ तारखेला टाके ओले असतानाच मी पुण्याला जाऊन तिला पहिल्यांदा पाहिले. हातातल्या पट्टीवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे माझे नाव होते. तिचे बारसे बाराव्या दिवशी व्हायचे होते, ते राहिलेच. हडपसरला आतेसासूबाईंच्या घरी खोली मिळाली, हे आमचे भाग्य. ज्यांचे कुणी नाही ते नातेवाईक रुग्णालयाच्या जिन्यात झोपत होते.

१९ ऑगस्टला एमआरआय झाला. टाळूवरून केलेली सोनोग्राफी आधीच झाली होती, पण तिच्यात अशा इजेचे बारकावे नीट दिसत नाहीत, आणि एमआरआयही फार लवकर केला तर पूर्ण चित्र समजत नाही, म्हणून पहिल्या आठवड्याच्या शेवटाची वाट पाहिली जाते. अहवालात बेझल गँग्लिया आणि थॅलॅमस या मेंदूच्या खोल भागांत बदल दिसले. हे भाग हालचालींवर ताबा ठेवतात. जन्माच्या सुमारास प्राणवायू अचानक आणि पूर्ण तुटला तर प्रामुख्याने तेच दुखावतात. पुरवठा हळूहळू, थोडा थोडा कमी होत गेला तर मेंदूच्या पृष्ठभागाजवळचे, दोन रक्तवाहिन्यांच्या सीमेवरचे भाग दुखावतात. इंटर्नल कॅप्सूलचा, म्हणजे मेंदूकडून हातापायांकडे हालचालींचे आदेश नेणाऱ्या तंतूंच्या मार्गाचा, मागचा भाग अंशतः शाबूत होता, त्याला डॉक्टरांनी महत्त्व दिले.

“ती चालेल का?” असे मी विचारले. डॉक्टर म्हणाले, “ताई, एमआरआय शक्यता सांगतो, भविष्य नाही. हालचालीत अडचण येण्याची शक्यता बरीच आहे. किती, ते आज मी सांगितलं तर ती थाप होईल.” त्या वेळी मला या उत्तराचा राग आला होता. आता वाटते की पहिल्या महिन्यात ठाम उत्तर देणारा माणूस, मग ते उत्तर गोड असो वा कडू, विश्वासाचा नसतो. त्याऐवजी पुढची तपासणी कोणती, केव्हा आणि तोवर घरी काय करायचे, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे नेमकी मिळतात.

खर्चाबद्दल लोक संकोचाने विचारतात, म्हणून स्पष्ट लिहिते. पुण्यातील एकूण बिल ₹२,७४,००० झाले. रुग्णालय धर्मादाय होते. महाराष्ट्रातील अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात, ही गोष्ट आम्हाला तिथल्या वैद्यकीय समाजसेविकेने सांगितली. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका लागते. धाकट्या भाऊजींनी फलटणला तलाठ्यांचा अहवाल घेऊन सेतू केंद्रात अर्ज केला आणि दाखला आल्यावर पुण्याला पोहोचवला. शेवटी आम्ही ₹१,५८,००० भरले. बिल तयार झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा बाळ दाखल झाल्याबरोबर समाजसेवकांना भेटावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. बाळाचे नाव अर्थातच शिधापत्रिकेवर नसते, तेव्हा कोणते पर्यायी कागद चालतील हे त्यांनाच विचारावे. सरकारी रुग्णालयात मात्र, नवजात विशेष काळजी कक्षासह, एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळांवर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत उपचार होतात आणि ने-आणही मोफत असते. ज्यांच्या जिल्ह्यात असा कक्ष चांगला चालतो, त्यांनी खाजगीच हवे असा हट्ट धरू नये, असे माझे मत आहे.

बाळ २९ ऑगस्टला घरी आले, गणपती बसायच्या दोन दिवस आधी. फेनोबार्बिटोन रुग्णालयातच थांबवले होते. दूध अजून अर्धे नळीने आणि अर्धे वाटी-चमच्याने चालू होते, आणि नळी बदलणे, ती पोटातच आहे याची खात्री करणे हे मी सिस्टरांकडून शिकून आले होते. जन्मनोंदणी २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. ती रुग्णालयाने नगरपरिषदेकडे पाठवलेली आहे ना, हे भाऊजींनी जाऊन पाहिले. बारसे झाले नसले तरी नोंद अडत नाही, कारण नाव नंतर घालता येते. पुढे प्रत्येक कागद या दाखल्यावरच उभा राहतो, म्हणून नावाची अक्षरे देवनागरीत आणि रोमन लिपीत कशी लिहायची हे एकदाच ठरवून ठेवावे.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न सुरू झाले. एका चुलत आजींनी मला ग्रहणात काही चिरले होते का, असे विचारले. मी पंचांग काढून पाहिले. माझ्या गरोदरपणात महाराष्ट्रातून दिसेल असे ग्रहणच झाले नव्हते. हे सांगितल्यावरही त्यांचे समाधान झाले नाही, पण माझे झाले. वार सुटण्याचा धोका उच्च रक्तदाबात वाढतो. तरी ती कधी सुटेल हे आधी ओळखण्याची खात्रीची तपासणी नाही, असे माझ्या प्रसूतितज्ज्ञांनी सांगितले होते. त्यांचे ते वाक्य मी वहीत लिहून घेतले आणि गरज पडेल तेव्हा वाचून दाखवत असे.

मालिशवाल्या मावशींचा प्रश्न नाजूक होता. हलक्या हाताने तेल लावायला फिजिओथेरपिस्टने हरकत घेतली नाही; पण बाळाला उलटे धरणे, हातपाय ताणून उलट-सुलट जोडणे आणि नाकाकानात तेल घालणे यांना सक्त मनाई केली. गिळण्याची अडचण असलेल्या बाळाच्या फुप्फुसात तेल गेले तर न्यूमोनिया होतो. मावशी रुसल्या, नंतर आल्या.

गृहभेटीला येणाऱ्या आशाताईंनी आम्हाला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची माहिती दिली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत आणि तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एकाच छताखाली मोफत भेटतात. आमचे केंद्र साताऱ्याला, साधारण साठ किलोमीटरवर. आम्ही ऑक्टोबर २०२२ पासून जाऊ लागलो. निदानाची वाट न पाहता उपचार सुरू करा, असे पुण्याच्या डॉक्टरांनी बजावले होते आणि इथेही तेच सांगितले गेले. पहिल्या दोन वर्षांत मेंदू नवे मार्ग जुळवण्यात सर्वाधिक तत्पर असतो. ‘मोठी झाली की आपोआप होईल’ म्हणत काढलेले महिने परत मिळत नाहीत.

तपासण्यांचा क्रम असा झाला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ती बारा आठवड्यांची असताना, डॉक्टरांनी ती पाठीवर पडून जागी आणि शांत असतानाचा काही मिनिटांचा व्हिडिओ मागितला. या वयात निरोगी बाळाच्या मान, मनगट आणि घोट्यांत बारीक, गोलसर हालचाली सतत चालू असतात. माझ्या मुलीत त्या दिसल्या नाहीत. त्याच महिन्यात बेरा नावाची श्रवणतपासणी झाली, ती सामान्य आली. नेत्रतपासणीत डोळे निरोगी होते, परंतु नजर स्थिर व्हायला तिला वेळ लागत होता. डोक्याचा घेर दर भेटीला मोजत. तो अपेक्षेपेक्षा मागे पडू लागला, तो आलेख पाहणे मला सर्वांत जड गेले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सहा महिने पूर्ण झाल्यावर हॅमरस्मिथ नावाच्या, बाळाच्या मज्जासंस्थेच्या तपासणीत ७८ पैकी ५६ गुण आले, अपेक्षेपेक्षा कमी. मग डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी हा शब्द उच्चारला, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारी कायमची अडचण. पूर्वी दीड-दोन वर्षांपर्यंत हे निदान लांबवत असत. आता एमआरआय, हालचालींचा व्हिडिओ आणि ही तपासणी एकत्र पाहून सहा महिन्यांच्या आसपासही बऱ्याच विश्वासाने करतात. यजमान परतीच्या एसटीत लोणंदपर्यंत काहीच बोलले नाहीत. मला मात्र, सांगायला विचित्र वाटते, पण हलके वाटले. गेले सहा महिने प्रत्येक जांभईचा अर्थ लावत काढले होते.

याच सुमारास एका वेगळ्या प्रकारच्या आकडीबद्दल सावध केले गेले. चार ते आठ महिन्यांच्या वयात, विशेषतः झोपेतून उठल्यावर, बाळ एकामागोमाग एक झटके देत मान आणि हात पुढे टाकते; ते पोटदुखी किंवा दचकणे समजून सोडून देतात, आणि त्यात फार नुकसान होते. शंका आली की मोबाइलवर चित्रित करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आम्ही दोनदा धावलो, दोन्ही वेळा ते साधे दचकणे निघाले, आणि डॉक्टर एकदाही रागावले नाहीत.

फोन क्रमांक कसा मिळाला कोण जाणे, पण मूलपेशींच्या (स्टेम सेल) इंजेक्शनसाठी एका ठिकाणाहून सतत विचारणा होऊ लागली. एका फेरीचे अडीच लाख, आणि तीन फेऱ्या घ्याव्यात असा आग्रह. भाऊजी शेताचा तुकडा विकायला तयार झाले होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांखेरीज मूलपेशी उपचार मान्यताप्राप्त चाचणीच्या बाहेर देता येत नाहीत, आणि चाचणी असेल तर तिच्यासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत, हे साताऱ्याच्या डॉक्टरांनी समजावले. शेत वाचले.

रोजचे उपचार सांगण्यासारखे असले तरी वाचायला कंटाळवाणे आहेत: कुशीवर वळवणे, लोडावर पालथे घालणे, आधाराने बसवणे, घास खालच्या ओठावर टेकवून थांबणे. नळी डिसेंबर २०२२ मध्येच सुटली होती. पातळ पदार्थाने ठसका लागे म्हणून नाचणीचे सत्त्व दाटसर करून देत असू. फलटणमधील फिजिओथेरपिस्ट एका वेळेचे ₹३५० घेत, म्हणून आठवड्यातून दोनदाच जात होतो आणि बाकीचे घरी. बसण्यासाठी कोपऱ्याची खुर्ची केंद्रातील नमुन्याचे माप घेऊन आमच्या सुतारांनी ₹१,२०० मध्ये बनवली; बाजारात ती कितीतरी महाग होती. पायाचे स्प्लिंट मात्र मापाने तज्ज्ञांकडूनच करून घ्यावेत. जोडीला ₹५,५०० पडले आणि पाय वाढतो तसे ते बदलावे लागतात. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, त्याचा आम्हाला खराखुरा उपयोग झाला.

कागदपत्रांचा दुसरा टप्पा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा. आधी बाल आधार काढले; पाच वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत, जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांचे आधार लागते. सासूबाईंचा प्रमाणपत्राला विरोध होता, ‘शिक्का बसेल’ म्हणून. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी मी त्यांना साताऱ्याच्या केंद्रात सोबत नेले. तिथे इतर आज्यांशी बोलून त्या परतल्या आणि जून २०२४ मध्ये त्यांनीच अर्जाची आठवण केली. यूडीआयडी (दिव्यांगांचे ओळखपत्र) संकेतस्थळावर अर्ज भरून आधार, छायाचित्र, रहिवासाचा पुरावा आणि उपचारांचे कागद जोडावे लागतात. मग वैद्यकीय मंडळाच्या ठरलेल्या वारी मुलासह हजर राहावे लागते. गर्दी असते, मुलाचे खाणे, जास्तीचे लंगोट आणि औषधे सोबत घ्यावीत, आणि सकाळच्या पहिल्या गाडीने जावे. तिला ६५ टक्के दिव्यांगत्व नोंदवले गेले आणि वय लहान असल्याने प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे मिळाले. पिवळे कार्ड नोव्हेंबरमध्ये टपालाने आले. ४० ते ८० टक्क्यांच्या मधल्यांना तो रंग असतो. त्या आधारावर एका नोंदणीकृत संस्थेमार्फत राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यासाठी अर्ज केला. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी असलेल्या या विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो आणि थेरपीचा खर्चही त्यात मोडतो. आधीपासूनच्या आजाराचे कारण सांगून नाकारत नाहीत. जे आयकर भरतात त्यांनी जुन्या करप्रणालीतील, दिव्यांग अवलंबितासाठीची वजावट विसरू नये (१९६१ च्या आयकर कायद्यात ती ८०डीडी कलमाखाली होती).

आज, फेब्रुवारी २०२५ मध्ये, मुलगी अडीच वर्षांची आहे. ती आधाराशिवाय बसते, रांगण्याऐवजी ढुंगणावर सरकत जाते, वॉकर धरून चार-पाच पावले टाकते. उजवा हात तिचे ऐकतो, डावा कमी ऐकतो. शब्द आठ-दहा आहेत, समज मात्र पुष्कळ आहे. पंपाच्या दुकानाचे शटर वाजले की वडील आले हे तिला कळते. गेल्या महिन्यापासून ती अंगणवाडीत दोन तास बसते. सेविकाताईंनी कोपऱ्याची खुर्ची तिथेच ठेवून घेतली आहे आणि खिचडी थोडी अधिक शिजवतात. ऑगस्टमध्ये खुब्यांची क्ष-किरण तपासणी आहे, कारण अशा मुलांचा खुबा हळूहळू खोबणीतून सरकू शकतो आणि सुरुवातीला दुखत नसल्याने लक्षात येत नाही.

शेवटी फाइलविषयी. जन्माच्या वेळची नोंद, अपगारचे गुण, पहिल्या तासातील रक्तवायू तपासणी, थंडावा देण्याच्या वेळा, घरी सोडतानाचा सारांश आणि एमआरआयची फिल्मच नव्हे तर सीडीसुद्धा, हे सारे एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवावे आणि मोबाइलवर त्यांची छायाचित्रे काढावीत. जन्म एका रुग्णालयात आणि उपचार दुसऱ्या रुग्णालयात झाले असतील तर पहिल्या रुग्णालयातील नोंदी लेखी अर्ज करून लगेच मागाव्यात. वर्षभराने त्या शोधणे त्यांनाही कठीण जाते. नवीन डॉक्टर पहिल्या भेटीत हेच विचारतात, आणि मंडळापुढेही हेच कागद लागतात. मूळ प्रत कुणाकडेही ठेवू नये.